पाहिलंय, ऐकलंय की नुसतं वाटतंय?

आमच्या सरांना कोणी विचारलं, "सर, गाव कुठलं?" तर ते क्षणभर थांबत आणि म्हणत, "जन्म मिरजेचा. असं ऐकलंय."

विचारणारा हसे. सर हसत नसत. ते त्याला शांतपणे समजावून सांगत, की जन्माच्या वेळी आपण स्वतः हजर होतो खरे, पण साक्षीदार म्हणून अगदीच कुचकामी होतो. सबब ही माहिती आईच्या शब्दावर घेतलेली आहे. आई खोटं बोलणारी नव्हती, असं वाटतं. एवढं ऐकून घेतलेला माणूस पुढच्या वेळी लांबूनच हात जोडून रस्ता बदले. मला ती सोय नव्हती. सर आमच्याच घरात भाड्यानं राहत होते.

ओतूरच्या शिवेला आमची वस्ती. माझे वडील नाना आणि धाकटे चुलते तात्या, अशी दोन घरं, मध्ये एक सामाईक अंगण आणि शेतात एक सामाईक विहीर. आमच्या पुढच्या दोन खोल्यांत सर. कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत, आणि त्यातही त्यांचा जीव एकाच पेपरात होता. आठशे वर्षांपूर्वीपासून तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत जगभरच्या शहाण्या माणसांनी मन, ज्ञान आणि स्वातंत्र्य या तीन गोष्टींवर घातलेला वाद, हा तो पेपर. मिथिलेतले नैयायिक, बुखारा-बगदादकडचे हकीम, युरोपातल्या मठांत राहणारे साधू, आणि शेकोटीजवळ बसून सगळ्या जगावर संशय घेणारा तो फ्रेंच गृहस्थ, ही सगळी मंडळी सरांच्या बोलण्यात अशी यायची, की जणू काल संध्याकाळीच आळेफाट्यावर भेटली होती.

तो पेपर आम्ही नऊ जणांनी घेतला होता. आठ जणांनी घेतला, कारण डेअरीला दूध घालून आल्यावर तो तास सोयीचा पडे. मी घेतला, कारण नाना म्हणाले, मास्तर घरचाच हाय, नापास कसा करील? सरांनी केलं. पहिल्याच चाचणीत.

सरांच्या अंगावर तीन खिसे असत. शर्टाचा डावा खिसा 'पाहिलंय'चा, उजवा 'ऐकलंय'चा आणि पँटचा मागचा 'वाटतंय'चा. दिवसभरात जे काही कळेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी योग्य खिशात टाकायची. डावा खिसा बहुतेक रिकामा असे. उजवा फुगलेला. मागच्यावर ते बसत आणि म्हणत, अंदाजाची जागा तीच. अंदाजावर बसता येतं, उभं राहता येत नाही.

वर्गात कोणतंही वाक्य बोलण्याआधी ते कुठल्या खिशातलं, हे आम्हाला सांगावं लागे. ते चाललं असतं. पण सर बाजारातही तेच करत. मेथीवाली म्हणाली, "ताजी हाय सर, घ्या," की सर विचारत, "पाहिलंय, ऐकलंय की वाटतंय?" दोन-तीन आठवडे तिनं सोसलं. मग एका गुरुवारी तिनं जुडी सरांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "पहाटं मीच खुडलीय. माजी कंबर साक्षीला हाय. हिला कुठल्या खिशात घालता?" सरांनी जुडी डाव्या खिशाशी धरून पाहिली. मावली नाही. पण त्यानंतर सर दुसऱ्या कोणाकडून मेथी घेत नसत.

एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरचं तर सरांनी वळणच बदलून टाकलं. "नारायणगाव गाडी येईल का?" "येईल की." "कशावरून?" "रोज येते म्हणून." "म्हणजे अंदाज." असं महिनाभर चाललं. शेवटी तो कंट्रोलर लाउडस्पीकरवरून पुकारू लागला, "नारायणगाव गाडी, अंदाजे, सव्वाअकरा." प्रवाशांना हे आवडलं. कंट्रोलरच्या हयातीत पहिल्यांदाच त्याला कोणी खोटारडा म्हणेना.

त्याच स्टँडवर एकदा जुन्नरच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी लागल्या. दोन्ही सारख्याच रिकाम्या, सारख्याच जुन्या, सारख्याच खडखडणाऱ्या. सर मध्ये उभे राहिले. दोन अगदी सारख्या गोष्टींतून एक निवडायची, तर मन कशाच्या जोरावर हलतं, हा मध्ययुगातला मोठा पेच. सरांनी ठरवलं, आज पाहूच. ते मन हलण्याची वाट पाहत राहिले. आधी उजवी गाडी हलली. मग डावी. सर जुन्नरला तासभर उशिरा, टेम्पोत कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून पोचले. दुसऱ्या दिवशी वर्गात आनंदानं सांगत होते, "प्रयोग फसला. पण टेम्पोत चढताना मी अजिबात विचार केला नाही, हे लक्षात घ्या."

उत्तर देण्यात मात्र ते सुरीसारखे. आमच्यातल्या एकानं विचारलं, देवाला माझा निकाल आधीच माहीत असेल तर मी अभ्यास कशाला करू? सर म्हणाले, "देवाला हेही माहीत असेल की तू केला नाहीस."

पण हरायची हौसही त्यांना जबर होती. स्वातंत्र्य शिकवताना त्यांनी एक दाखला दिला. एक माणूस संध्याकाळी घरात मालिका बघत बसलाय. मजेत आहे. बाहेर ओट्यावर बिबट्या येऊन बसलाय, हे त्याला माहीतच नाही. त्याला बाहेर जायचंही नाही. तो स्वखुशीनं घरात आहे ना? आम्ही म्हटलं, आहे. मग तो मोकळा आहे का? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात कधी बोलली नव्हती, ती खाली मान घालूनच म्हणाली, "आम्हा पोरींना त्यासाठी बिबट्या लागत नाही, सर."

सरांनी खडू खाली ठेवला. उरलेला तास ते खिडकीशी उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, की या वाक्यासाठी युरोपातल्या दोन-तीन जणांनी आपली अख्खी पुस्तकं देऊन टाकली असती.

आता ऑटोकडे येतो. आज माझं ओतूरला मोटर-पंपाचं दुकान आहे आणि ऑटो मी स्वतः विकतो, त्यामुळे हे 'पाहिलंय'मधलं आहे. शेतीची लाइट दिवसातून काही तासच असते आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. म्हणून मोटरच्या स्टार्टरला एक छोटी पेटी जोडतात. तिचं बटण चालू ठेवलं, की लाइट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. माणूस झोपलेला असो, लग्नाला गेलेला असो, पाणी चालू.

सरांना या पेटीचं भलतंच आकर्षण. प्राणी म्हणजे नुसतं यंत्र की त्यात मन असतं, यावर पूर्वी केवढे वाद झाले होते, आणि इथे आमच्या विहिरीवर साक्षात तो वाद भिंतीला टांगलेला. त्यांनी नानांना विचारलं, "या ऑटोला पाणी द्यायची इच्छा असते का?"

नाना बिडी विझवत म्हणाले, "इच्छा माजीच, सर. ती डबीत भरून ठिवलेली असती, एवढंच."

सरांनी हे लिहून घेतलं आणि आठवडाभर आम्हाला नानांवर व्याख्यान दिलं. नाना मात्र घाबरले. त्यांना वाटलं, काहीतरी चुकीचं बोललो.

त्या उन्हाळ्यात तात्यांचा कांदा काढून झाला होता. उपटलेला कांदा वाफ्यातच ओळीनं मांडून, त्याचीच पात त्याच्यावर झाकून वाळत पडला होता. या दिवसांत कांद्याला पाण्याचा थेंब चालत नाही. आणि एका रविवारी सकाळी, त्या आठवड्यात दुपारी येणारी लाइट नऊलाच आली. ऑटो चालू राहिली होती. पाणी वळवायचा पाइपलाइनचा वॉल तात्यांच्या बाजूला उघडा होता. कोणाच्या लक्षात येईपर्यंत अर्ध्या कांद्यात पाणी उभं.

दोन्ही घरांचं पाणी बघायचा तो सोमा. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला माणूस. तिकडं त्याची भाताची खाचरं होती. लावणीला आणि काढणीला तो वर जाई, बाकीचे महिने बायको हौसाबाई आणि तो विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत. अकरा वर्षं. बोलणं कमी. पाण्याची पाळी मात्र त्याच्या डोक्यात अशी पक्की, की नाना-तात्यांना आपली पाळी कधी, हे त्याला विचारावं लागे.

दुपारी आमच्या ओट्यावर सगळे जमलो. नाना, तात्या, चुलती, मी. सोमा खाली अंगणात उभा. तासभर त्याला विचारणं चाललं होतं. आधी तो म्हणाला, ऑटो मी काल बंद केली होती. मग म्हणाला, केली असं वाटतं. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "राहिली असंल माज्याकडनं."

तात्या म्हणाले, "बघा. सोताच्या तोंडानं बोलला. कुणी हात लावला का त्याला?"

हात कोणीच लावला नव्हता. नानांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि सोमाला सांगितलं, उद्या हिशोबाचं बघू, आता तू जा. हौसाबाईनं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. कांदा भिजवणारा पाणक्या, हे नाव एकदा पडलं असतं तर जुन्नर-आंबेगावात त्याला पुन्हा कोणी पाण्यावर उभं केलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं. सोमाला सर्वांत जास्त.

तेवढ्यात सर खोलीतून बाहेर आले. म्हणाले, "मी भाडेकरू. मला बोलायचा हक्क नाही. विचारायचा असेल तर विचारतो."

नाना म्हणाले, विचारा की.

मला वाटलं, सर सोमाला विचारतील. सर माझ्याकडे वळले.

"ऑटो सोमानं चालू ठेवली, हे तुला माहीत आहे?"

"हो, सर."

"कुठल्या खिशातलं?"

सगळ्या घरासमोर मला आपली विद्या दाखवायची संधी आली होती. मी ताठ होऊन म्हणालो, "ऐकलंय. नानांनी सांगितलं." वर आणखी शहाणपणा केला, "आणि मला आधीच तसं वाटलं होतं, ते खरं निघालं."

सरांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, मला तात्यानं सांगितलं. तात्या म्हणाले, मला हिनं. चुलती पदर सावरत म्हणाली, "मला व्हय? मला..." आणि थांबली. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ह्यानंच की. सकाळी मी पळत सांगाय आले कांद्यात पाणी शिरलं म्हणून, तर हा दात घासत व्हता. ब्रश तोंडात ठिवून म्हणला, सोमानं ऑटो ठिवली असंल."

मंडळी, पुष्कळदा पुष्कळ जणांसमोर माझी फजिती झाली आहे आणि मी ती चवीनं सांगतो. पण त्या क्षणाची चव मला आजही गोड करता येत नाही. माझ्या तोंडातला फेस तीन माणसांतून फिरून दुपारी माझ्याकडेच बातमी होऊन आला होता, आणि मी तिला पुरावा म्हणून नमस्कार केला होता. चिठ्ठी मागच्या खिशातली. मी ती उजव्यात घातली. बाकीच्यांनी डाव्यात.

तात्या काही माघार घेणारे नव्हते. "पर त्यानं कबूल केलं न्हवं!"

सर सोमाकडे गेले. ओट्यावरून नाही, खाली अंगणात उतरून. हळू विचारलं, "सोमा, तुला आठवतंय?"

"न्हाई सर. बंद केली असं वाटतं. पर हे चौघं मोठी माणसं. चौघं म्हणत्यात म्हंजी राहिली असंल."

"नाही म्हणाला असतास तर?"

बोचक्याशी उभी असलेली हौसाबाईच बोलली. "तर काय, जावंच लागलं असतं. व्हय म्हणलं तर निदान भांडून न्हाई जाणार."

सरांनी ओट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एक अक्षर बोलले नाहीत. हेच त्यांचं सगळ्यांत क्रूर शिकवणं. तास संपल्याची घंटा होईपर्यंत ते असेच उभे राहत आणि उत्तर तुमच्या तोंडून यायची वाट पाहत. इथे घंटा कोण देणार?

मी उठलो. "तात्या, सोमानं ऑटो ठेवली हे मला माहीत नाही. मी अंदाजानं बोललो होतो. तुम्हा कुणालाच माहीत नाही. माझं ऐकून सगळे बोलताय."

"मग ठिवली कुणी?" तात्या ओरडले.

सरांनी विचारलं, काल संध्याकाळी विहिरीवर कोण कोण गेलं होतं. हळूहळू निघालं, की तात्या हात धुवायला गेले होते, नाना मोटरचा आवाज ऐकायला, मी उगीच. सर म्हणाले, "मीही गेलो होतो, त्या पेटीकडे बघायला. माझ्या कोपरानंही दाबली गेली असेल. कोणी ठेवली ते आपल्याला माहीत नाही. आणि हे एवढं एक मात्र आज नक्की माहीत आहे."

मग नाना उठले आणि म्हणाले, "सोमा, तुला कुणी जा म्हणत न्हाई. ऱ्हातोस का?"

आम्हाला वाटलं, मिटलं. सोमानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बोचकं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "इचार करून सांगतो."

आणि गेला. नवरा-बायको दोघं, मुख्य रस्त्याकडे चालत, डोंगरातल्या आपल्या गावी.

पुढचे तीन दिवस आमच्या वस्तीवर सरांशी कोणी धड बोलेना. नाना आणि तात्या स्वतः खोरं घेऊन पाण्यावर उभे, पाळी कोणाची यावरून तीनदा भांडण. तात्या येता-जाता म्हणत, "सरांच्या शाळंपायी माणूस गेला." सर ते ऐकून घेत. खरं तर ते इतके आनंदात होते, की ओट्यावर बसून गुणगुणत. मी चिडून विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? सर म्हणाले, "अकरा वर्षांत त्याला कोणी राहतोस का, असं विचारलंच नव्हतं. काल पहिल्यांदा विचारलं. आता तो येईल किंवा येणार नाही. जे काही करेल ते त्याचं असेल. यासाठी माणसं पाचशे वर्षं भांडली रे, आणि मला ते आपल्या अंगणात बघायला मिळालं."

"आणि आला नाही तर?"

"तर मी चुकलो असं तात्यांना सांगेन. आणि तेही खरं असेल."

त्या तीन दिवसांत सर जेवले कमी आणि रस्त्याकडे पाहिलं जास्त, हे मात्र मी पाहिलंय.

चौथ्या दिवशी सकाळी सोमा आला. बोचकं नव्हतं. हौसाबाई नव्हती. तो अंगणात उभा राहिला नाही. सरळ ओट्यावर येऊन नानांच्या शेजारी बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नानांनी नकळत सरकून जागा दिली.

"राहतो," सोमा म्हणाला. "एक अट हाय. ती ऑटो काढायची. मोटर मी माज्या हातानं टाकीन, माज्या हातानं बंद करीन. मग राहिली तर सोमाकडनं राहिली. कुणाला इचारायला नको अन् कुणी सांगायला नको."

नाना म्हणाले, "आन् लाइट अवेळी आली तर?"

"तर उठीन."

नानांनी भावाकडे पाहिलं. तात्यांनी मान हलवली. नाना आत गेले, पक्कड घेऊन आले आणि आम्ही सगळे विहिरीवर गेलो. नानांनी ऑटोच्या वायरी काढल्या. पेटी भिंतीवरून उतरली तेव्हा तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला. सरांनी ज्या यंत्रावर आम्हाला आठवडाभर शिकवलं होतं ते नानांच्या हातात एवढंसं दिसत होतं. सोमानं वर्गाची पायरी कधी पाहिली नव्हती, आणि तो पेपर त्यानं पक्कडीनं सोडवला होता. आमच्या तालुक्याला किल्ले आहेत, लेणी आहेत, पाहुणे आले की लोक ती दाखवतात. मी हे दोघं सांगतो, सर आणि सोमा, आणि सांगताना माझी छाती भरून येते.

तात्यांनाही काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्यांना ते जमत नसे. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं, मग जा. टाक मोटर."

सोमा स्टार्टरशी गेला, हात बटणावर ठेवला, आणि वळून विचारलं, "कुणाकडं?"

"माज्याकडं. कांदा गेला तर गेला, उसाला तरी हुंदे."

सोमानं हात तिथंच ठेवला.

"आज तुमची पाळी न्हाई, तात्या. परवा."

त्यानं बटण दाबलं. मोटर सुरू झाली. मग तो आमच्या उसाकडचा वॉल फिरवायला बांधानं निघाला. सरांनी चपला हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोणालाही काही न विचारता चिखलातून सोमाच्या मागं चालू लागले.